कोणाकडची?

गुंताबाईने मोहाच्या फुलांची टोपली खाली ठेवली, पण दारात आलेल्या बाईसाठी खाट काही टाकली नाही.

बाई तिशीची असेल. डोक्यावरून ओढणी, खांद्याला पिशवी, आणि चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या. एस.टी. फाट्यावर सोडते, म्हणजे तिथून उन्हात चालतच आली होती. नाव तिने मिसबाह सांगितलं, गाव धुळे. खेळाडूंच्या तक्रारी ऐकायला नेमलं आहे म्हणाली. खेळाच्या संघटनेची नाही आणि जळगावच्या क्रीडा अकादमीचीही नाही. तिला गुंताबाईच्या पोरीला, रोहिणीला भेटायचं होतं.

"कोनी धाडं तुमले?" गुंताबाईने विचारलं.

"आमच्या तक्रार केंद्राने. आमच्या नंबरावर कुणीतरी फोन केला होता."

"कोनी करा फोन?"

"ते मला सांगता येणार नाही, अक्का."

गुंताबाईच्या मनात पाल चुकचुकली. सांगता येत नाही म्हणे! माणूस दारात आला की आधी गाव सांगतो, मग मामाचं गाव, मग सोयरेधायरे, आणि तांब्यातलं पाणी संपेपर्यंत कुठे ना कुठे नातं निघतंच. नातं निघालं की विश्वास आपोआप बसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी अशीच रीत. या बाईचा धागा मात्र कुठेच जुळेना.

"जळगावले कोनी वळखनं शे?"

"मेहरूणला मावशी होती. वारली."

"जीवराम सरले वळखतस?"

"नाही."

"नवलभाऊले?"

"त्यांनाही नाही. आणि ओळख करून घ्यायचीही नाही मला."

नवलभाऊची ओळख नको म्हणणारं माणूस गुंताबाईने पहिल्यांदाच पाहिलं. नवलभाऊ शेजारच्याच पाड्यावरचा, नवऱ्याच्या नात्यातला आणि जळगावच्या अकादमीच्या समितीवरचा. रोहिणीचं पळणं पाहून त्यानेच तिला तिथे नेलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली, पायात पहिले बूट घातले. म्हणून होळीला घरी आलेली पोर चुलीपाशी बसून हळूच बोलली, की सराव संपला की प्रशिक्षक जीवराम सर एकेकीला साहित्याच्या खोलीत थांबवून घेतात, दार लावतात, मला तिथे जायचं नाही, तेव्हा गुंताबाईने दुसरा विचार केला नाही. सकाळीच जाऊन नवलभाऊच्या कानावर घातलं. आपला माणूस सोडून सांगायचं तरी कोणाला? नवलभाऊने गंभीरपणे मान हलवली आणि "मी पाहस ना, वहिनी" म्हणाला.

त्याने पाहिलं ते असं, की रोहिणी जळगावला परतण्याआधीच सरांना सगळं ठाऊक झालेलं होतं. ज्यांना घरी जाऊन कागाळ्या करायच्या आहेत त्यांनी घरीच राहावं, असं ते मैदानावर साऱ्या पोरींपुढे म्हणाले. आठवडा उलटायच्या आत पोर पिशवी घेऊन दारात उभी. तेव्हापासून ती ना पळत होती ना धड जेवत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आता वाटेवरून कोणी जाताना दिसलं तरी गुंताबाईला वाटे, हा सरांनीच धाडला.

तिने कमरेला खोचलेला मोबाईल काढला.

"थांबा. नवलभाऊले इचारी लेस. तो सांगी तुमी कश्या शेत ते."

तिला विचारायचं काहीच नव्हतं. ते ऐकून बाई काय करते तेवढं पाहायचं होतं. नवलचीच असेल तर खुशाल लावा म्हणेल.

मिसबाहचा चेहरा उतरला. "नका लावू, अक्का. मी इथे आले हे त्यांना कळलं तर सरांना कळेल. त्यापेक्षा मी जाते. पोरीला पुन्हा त्रास नको." तिने पिशवी सावरली आणि ती खरंच वळली.

"माय, तिले जाऊ देऊ नको."

रोहिणी दारात उभी होती.

"फोन मीच करा व्हता."

गुंताबाई तिच्याकडे बघतच राहिली. "माले सांगं नई?"

पोर कुडाची माती नखाने खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू नवलभाऊले सांगी देती."

इतके दिवस ती साऱ्या जगावर संशय घेत होती. आपल्यावरही कोणी घेत असेल, आणि तेही आपल्याच पोटची पोर, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला लाज वाटली. लाजेपेक्षाही आत काहीतरी फार दुखलं.

"आईसमोर बोलशील, की आपण दोघीच बसू?" मिसबाहने रोहिणीला विचारलं.

रोहिणीच्या उत्तराची वाट न बघता गुंताबाई आत गेली. खाट आडवी केली, तांब्याभर पाणी ठेवलं, दोघींना आत बसवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेऊ लागली.

"उघडंच राहू द्या, अक्का," मिसबाह म्हणाली. "तुम्हाला आम्ही दिसलो पाहिजे. ऐकू नाही आलं तरी चालेल."

गुंताबाईचा हात दारावरच थांबला. जळगावच्या त्या खोलीचं दार तिने कधी पाहिलं नव्हतं, पण ते आता तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग ती टोपली घेऊन अंगणाच्या टोकाला, कुंपणाच्या फटकापाशी जाऊन बसली. तिथून दोघींची डोकी दिसत होती. आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळाने रोहिणीने ओढणीने तोंड पुसलं आणि पुन्हा बोलायला लागली. गुंताबाईने उठायचं मनात आणलं आणि बसून राहिली.

मोटारसायकल थेट फटकाशी येऊन थांबली. नवलभाऊ होता.

"वहिनी, फाटावर कोनी बाई उतरनी म्हने. तुमनाकडेच उनी का?"

आजवर नवलभाऊ आला की गुंताबाई आधी फटक उघडायची आणि मग बोलायची. घरात काय शिजलं इथपासून सारं सांगायची. आज ती उठली, फटक ओढून घेतलं आणि आतून काठी अडकवली.

नवलभाऊ हसला, पण मान उंच करून तिच्या खांद्यावरून घराकडे बघू लागला. गुंताबाई एक पाऊल सरकून त्याच्या नजरेच्या आडवी आली.

"कोन शे ती? कोनाकडनी?"

"कोनाकडनीच नई," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून मोह निवडायला बसली.