मुठीतला ठोका

खंडेनवमीच्या सकाळी सयाजींनी देव्हाऱ्यापुढं पाट मांडला. त्यावर विळा, खुरपं, स्वतःचा मृदंग आणि मधोमध अर्जुनाचं किरण-पिस्तूल. शालूबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली.

अर्जुना त्यांचा एकुलता. चंद्रावरच्या ठाण्याची राखण करता करता गेला. पलटणीनं किरणं तेवढी निकामी करून पिस्तूल घरी दिलं. जुन्या बनावटीचं ते. आताच्या जवानांना ठाऊकही नसेल. त्याच्या मुठीत धन्याच्या नाडीचा ठोका साठवलेला असे. मूठ आवळली की तोच ठोका तळहाताला लागे. शालूबाई रोज तुळशीला पाणी घालून आल्या की ती मूठ धरून बसायच्या. सयाजींनी मात्र त्या मुठीला कधी हात लावला नव्हता. छातीच होत नव्हती.

दुपारी दारात जीप थांबली. पलटणीतला हवालदार ऋषिराज, कोरेगावचा.

"आबा, ह्या जुन्या पिस्तुलांच्या बॅटऱ्या फुटाय लागल्यात. सगळी गोळा करून वितळवायचा हुकूम हाय."

शालूबाई पाटाआड उभ्या राहिल्या. "मग मला बी घाल जीपमधी."

"पाटावरचं हत्यार दसऱ्याआधी हलवत न्हाईत, गड्या," सयाजी म्हणाले.

"मला शिकवता व्हय? माझी आय आज खुरप्याला शिवू देत न्हाई!" ऋषिराजनं बूट काढले. "उद्याच नेतो. काकी, जेवायला काय केलंय?"

हुकूम एक दिवस लांबला खरा. पण तो दिवस शालूबाईंच्या हाती लागला नाही. पाटावरच्या मुठीला त्यांनाही शिवता येईना. समोर बसून त्या नुसत्या बघत राहिल्या.

दसऱ्याला अक्षता टाकून सयाजींनी पाट हलवला. शालूबाईंनी मूठ उचलली, घटकाभर धरली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"आज तरी धरा, आवं."

सयाजींनी मूठ आवळली. दोन ठोके लगोलग, मग जरासं थबकणं. लहानपणी तापात कुशीत घेतलेलं पोर असंच धडधडायचं. कितीतरी वेळ ते डोळे मिटून बसले. मग उठून कीर्तनासाठी त्यांनी मृदंगाला कणीक लावली.

देवळात कीर्तन उभं राहिलं. सयाजींच्या हातून नेहमीचा ठेका आलाच नाही. दोन थापा लगोलग, मग थबकणं. टाळकरी अडखळले. बुवांनी मागं वळून पाहिलं.

"सयाजीराव, हाताला काय झालं?"

"महाराज, आजचा ठेका माझा न्हाई. अर्जुनाचा हाय."

बुवांनी हळूच त्याच ठेक्यावर नाम धरलं. टाळांना वाट सापडली. बायकांत बसलेल्या शालूबाईंनी तळहात जमिनीवर टेकला. फरशीतून ठोका येत होता. अवघं देऊळ अर्जुनाच्या नाडीनं चाललं होतं.

कीर्तन संपल्यावर शालूबाईंनी पिस्तूल पदरात घेऊन जीपपाशी आणलं आणि ऋषिराजच्या ओंजळीत ठेवलं.

"ने, बाबा. वितळवताना तेवढं पायातलं काढून उभा ऱ्हा."