क्रूस नसलेला कागद

"राहू दे गं. एवढासा तर क्रूस आहे," पोलिक्सेनी मावशी म्हणाली. "लोक नाव वाचतात. क्रूस कोण बघतंय?"

"कोणी बघत नसेल, तर काढला म्हणून काय बिघडलं?"

मावशीनं ओठ आवळले. बेकरीसमोरच्या विजेच्या खांबापाशी आम्ही दोघी उभ्या होतो. आमच्या वोलोसमध्ये माणूस गेलं की त्याच्या नावाचा कागद काळ्या चौकटीत छापून गल्लोगल्ली खांबांवर लावतात. आईचा कागद सकाळीच लागला होता. एव्हान्थिया काराली, वय एकाहत्तर, दफन आज दुपारी तीन वाजता. सगळं बरोबर होतं. फक्त नावाच्या वर, मधोमध, ठसठशीत काळा क्रूस.

"पाद्री नको, क्रूस नको, आणि जमलं तर रडारड कमी," असं आईनं हॉस्पिटलात मला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर विचारलं होतं, "लिहून घेतलंस?"

मी अंत्यविधीच्या दुकानात फोन केला. स्ताथिस बिचारा गडबडला. "बाई, चाळीस वर्षं हेच छापतोय. हात आपोआप तिकडं जातो. दुसरं काय टाकू? फूल टाकू? कबुतर?"

"काही नको."

"मोकळं दिसेल हो."

"दिसू दे."

तासाभरात नवे कागद आले. त्याचा माणूस दुसऱ्या मयतीला गेला होता, तेव्हा चिकटपट्टी घेऊन मीच निघाले. मावशी पाच पावलं मागून येत होती. मदत करायला नाही, लोक काय म्हणतात ते ऐकायला.

आई या बेकरीत सव्वीस वर्षं भट्टीवर होती. सहावी शिकलेली. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले आणि तिनं पीठ मळायला सुरुवात केली. चुलीची देवी एस्तिया तिला कधी भेटली, ते तिनं मला नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, की सकाळी भट्टीत पहिला जाळ धरला की कुणाचे तरी आभार मानावेसे वाटायचे, आणि चर्चमध्ये त्या जाळाचं नाव कुणी घेत नव्हतं. पुढं लारिसा शहरातली काही माणसं भेटली, ख्रिस्ताच्या आधीच्या जुन्या बारा देवांची पूजा करणारी. त्यांच्याकडून तिला नाव मिळालं. मग रोज भट्टी पेटली की पिठाचा पहिला गोळा जाळात जायचा. घरी कुणालाही जेवायला बोलावलं, की द्राक्षारसाचा पहिला घोट एस्तियाला आणि शेवटचाही तिलाच.

मी पुस्तकांतली मुलगी. या देवीबद्दल आईपेक्षा जास्त वाचलेलं मी. बाकीच्या देवांच्या नावावर युद्धं आहेत, पळवापळवी आहे, रुसवेफुगवे आहेत. हिच्या नावावर सांगण्यासारखं जवळजवळ काही नाही. ती घरात बसून आग राखते. असली देवी का निवडलीस, असं मी एकदा विचारलं होतं. "मी तरी दुसरं काय करते?" आई म्हणाली.

प्राचीन भाषेतली स्तोत्रं तिनं पीठ मळता मळता पाठ केली. लारिसाच्या मंडळात एक निवृत्त प्राध्यापक होते, ते तिचे उच्चार सुधारायचे. "देवीला कळतंय ना?" ती म्हणायची. "मग तुम्ही बसा."

मला तिची लाज वाटायची, हे इथं सांगायलाच हवं. गल्लीतली मुलं तिला 'बारा देवांवाली' म्हणून हाका मारत तेव्हा मी रस्ता बदलायची. थेसालोनिकीला नोकरीवर गेल्यावर सासरच्यांना सांगितलं, की आई कसल्याशा लोककलेच्या मंडळात जाते.

तिसऱ्या खांबापाशी बेकरीचे मालक सारांतिस भेटले. नवा कागद त्यांनी चष्मा वर करून वाचला. मग मावशीकडं बघून म्हणाले, "हिच्या आईनं मला एकदा तोंडघशी पाडलं होतं. ठाऊक आहे ना?"

ठाऊक सगळ्या गल्लीला होतं. रविवारच्या पूजेचा, वर शिक्का उमटवलेला पाव चर्चला याच बेकरीतून जातो, आणि तो आई करायची. बारा वर्षांपूर्वी चर्चच्या समितीतल्या कुणीतरी हरकत घेतली. सारांतिस तिला म्हणाले, "एव्हान्थिया, तू फक्त ख्रिस्ती आहे म्हण. कोण तपासायला येतंय?"

"मी तपासते ना," ती म्हणाली. "तो पाव तुम्हीच करा."

तीन शनिवार त्यांनी केला. पाव फुटायचा, शिक्का पसरायचा. चौथ्या शनिवारी पाद्री अनार्गिरोस स्वतः आले, ते मागच्या दारानं. आईनं त्यांना पुढच्या दारानं यायला सांगितलं, गिऱ्हाइकं असताना. ते आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं आणि सगळ्यांसमोर तिनं अट घातली: पाव करीन, पण पहिला गोळा जाळातच जाईल, आणि तो लपून जाणार नाही.

"माझं म्हणणं होतं, तिनं जरा नमतं घेऊन तरी बोलावं," सारांतिस म्हणाले. "ही उलट कमरेवर हात ठेवून उभी." त्यांनी माझ्या हातातली चिकटपट्टी घेतली. "वाकडं लावतेस. दे इकडं."

शेवटचा कागद चर्चच्या अंगणातल्या फळ्यावर होता. ती जागा काही विजेच्या खांबासारखी सगळ्यांची नव्हती. मी दारातच थांबले. पाद्री अनार्गिरोस झाडांना पाणी घालत होते. फार म्हातारे झालेत आता.

"इथं आजवर क्रूसाशिवाय कागद लागला नाही," माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले.

"तर मग आईचा काढून टाकते. क्रूसासकट मात्र ठेवता येणार नाही."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझे हात कमरेवर होते. मावशीनं मागून माझी बाही ओढली. पाद्रीबाबांनी पाण्याचा नळ बंद केला, ओले हात झग्याला पुसले आणि जुना कागद स्वतः उतरवून, नीट घडी करून खिशात ठेवला.

"मी तीनला येणार नाही," ते म्हणाले. "मी आलो तर तिला आवडणार नाही. लाव तुझा कागद."

तीन वाजता दफनभूमीत मला वाटलं त्याहून जास्त माणसं होती. लारिसाहून चौघं आले होते. त्यांच्यातले वडीलधारे निआर्खोस, पूर्वी रेल्वेत सिग्नलवाले, यांनी पाणी घातलेल्या द्राक्षारसाचा मातीचा चंबू माझ्या हातात दिला. घरच्या मुलीनंच ओतायचा असतो. मी आईचं नाव घेऊन चंबू कलता केला.

"आधी देवीला," निआर्खोस हळूच म्हणाले. "नाहीतर तुझी आईच उठून ओरडेल."

लारिसावाले हसले. मलाही हसू आलं. मी पुन्हा सुरुवात केली. एस्तिये, पहिला तुला. मग आईचा वाटा, सगळाच्या सगळा मातीत, कारण मेलेल्यांच्या वाट्यातलं जिवंत माणसानं प्यायचं नसतं. मूठभर जव. स्तोत्रातल्या मला येत होत्या तेवढ्या चार ओळी मी मोठ्यानं म्हटल्या. मागच्या रांगेपर्यंत आवाज जावा म्हणून मान वर करून म्हटल्या.

मग शेवटचा घोट, तोही एस्तियाला. एवढं झाल्यावर विधी संपला.

कुणी हललं नाही. शेजारणी, सारांतिस, रविवारी मांसाचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजायला आणणाऱ्या बायका, सगळे तसेच उभे. अशा वेळी हातांनी काय करायचं ते त्यांना एकच माहीत होतं, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण, आणि ती आज करायची नव्हती. माझ्या शेजारी मावशीचा उजवा हात सवयीनं कपाळाकडं निघाला. अर्ध्या वाटेवर तो थांबला. तिनं तो तसाच क्षणभर धरला, मग खाली आणून कोटाचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभी राहिली.