शिक्षा मिळालीच पाहिजे

मी बावीस वर्षं मिलमध्ये होतो आणि त्यातली निदान दोन वर्षं संपावर होतो, असं शांता म्हणते. शांता माझी बायको. तिचा आकडा नेहमी चढाच असतो, पण ह्या बाबतीत मी वाद घालत नाही. त्यामुळे सरकारी शाळांतल्या मास्तर लोकांनी संप केला, आमच्या सोनलचा वर्ग बंद पडला आणि मी घरात थयथयाट सुरू केला, तेव्हा शांताला हसू आवरेना.

"तुम्ही करायचात तेव्हा तो हक्क, आणि त्यांनी केला की माज?"

"मिल बंद राहिली तर कापड अडतं. इथे पोरगी अडलीय."

"कापड अडलं की घर अडायचं. ते मी बघितलंय हो."

मिल पुढे कायमचीच बंद झाली आणि मी पोलोग्राउंड भागात एका कारखान्याच्या गेटवर राखणीला खुर्ची टाकून बसायला लागलो. आजूबाजूच्या गल्ल्यांत इंग्लिश मीडियमच्या शाळा निघाल्या, पलासिया भागात कोचिंग क्लासच्या पाट्या लागल्या. आमचं शहर हिंदी मुलखातलं, पण सोनल मात्र सरकारी मराठी शाळेतच राहिली. तिथे सहावी, सातवी आणि आठवी एकाच खोलीत बसायची. तीन वर्गांना फळे दोन, म्हणून तिसरा वर्ग भिंतीवरच लिहायचा. आणि तिन्ही वर्गांना मिळून बाई एकच, निवेदिताबाई.

निवेदिताबाई पक्क्या नोकरीतल्या नव्हत्या. सरकारने तेव्हा कच्च्या पगारावर नवे मास्तर घेतले होते, त्यांना शिक्षाकर्मी म्हणायचे. काम पूर्ण, पगार अर्धपोटी, आणि पुढच्या वर्षी असू की नसू ह्याचा भरवसा नाही. पण सहावीपर्यंत बोटांवर बेरजा करणारी माझी सोनल ह्या बाईंच्या हाताखाली गणितात पहिली आली. आता आठवीचं बोर्ड होतं. त्यात गणिताचे मार्क चांगले पडले, तरच नववीला मोठ्या शाळेत घेणार होते. भूमिती सगळी बाकी होती. परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि बाई तेवीस दिवसांपासून शिक्षण खात्याच्या ऑफिससमोर मांडवात बसल्या होत्या.

शेवटी आम्ही पालक शाळेच्या ओट्यावर जमलो. शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांना अर्ज द्यायचा ठरला. अर्ज हिंदीत पाहिजे, नाहीतर साहेब वाचणार नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भिया, तुम्हीच लिहा," धनेश म्हणाला. त्याचा मुलगा सोनलच्या वर्गात. "यूनियनमध्ये होते ना तुम्ही, दरख्वास्त-वरख्वास्त सब येतं तुम्हाला."

यूनियनमध्ये मी घोषणा द्यायचो, अर्ज दुसरेच लिहायचे. पण एवढ्या लोकांसमोर हे कोण सांगणार? धनेशने वर सल्ला दिला की साहेब लोक तीन ओळींच्या पुढे वाचत नाहीत. मग मी तीनच ओळी लिहिल्या. बोलायची हिंदी मला फर्राटेदार येते, पण अर्जाला भाषा कशी शुद्ध पाहिजे, म्हणून बाजारातले शब्द बाजूला ठेवून भारदस्त शब्द वेचून काढले.

"सरकार ने हमारे बच्चों की बहुत चेष्टा की है। मास्टर लोग भी सड़क पर जाकर बैठे हैं। उनको कड़ी शिक्षा मिलनी चाहिए।"

वाचून दाखवला. बावीस पालक, बावीसही मराठी. सगळ्यांनी माना डोलावल्या. धनेश तर म्हणाला, "एकदम कडक!" आणि सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी घाबरतच गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"लक्ष्मणजी, इतने साल की नौकरी में पहली बार किसी पालक ने माना कि सरकार ने चेष्टा की है. वरना सब गाली देते हैं. भाषा थोड़ी कच्ची है, पर भावना देखिए! और मास्टरों को शिक्षा मिले, वाह. मैं तो खुद कहता हूँ, इन लोगों की ट्रेनिंग होनी चाहिए."

मी कप खाली ठेवला. सरकारने आमच्या मुलांची थट्टा मांडली आहे, असं मी लिहिलं होतं. साहेबांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि मास्तरांना चांगली कडक सजा द्या, असं मी लिहिलं होतं. साहेबांच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. गंमत अशी, की अर्जाच्या माथ्यावर 'जिला शिक्षा अधिकारी' असं मीच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, तरी ट्यूब पेटली नव्हती.

साहेबांनी अर्जाची नक्कल बाहेर बोर्डावर लावली होती आणि एक मांडवातही पाठवली होती, पालक कोणाच्या बाजूने आहेत ते संपवाल्यांना कळावं म्हणून. मी नमस्कार करून उठलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सजा मागितली होती हे कोणालाच कळलं नव्हतं, म्हणजे सुटलो.

बाहेर पडलो तर मांडव समोरच. कोणीतरी मला ओळखलं.

"आओ भिया! आप हमको शिक्षा दिलवाओगे? पहले अपनी हिंदी तो सुधार लो!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो. मग दिसलं, की मागच्या सतरंजीवर बसलेल्या निवेदिताबाई हसत नाहीयेत. त्या उठून बाजूला आल्या.

"भाऊ, पहिली ओळ वाचून मी पण हसले," त्या म्हणाल्या. "खालची ओळ पण कळली मला. इथे सत्तर जण बसलेत, त्यांत मराठी शाळेतली मी एकटीच, मराठी येते तीही मलाच."

मी चपलांकडे बघत उभा राहिलो. "सांगितलं त्यांना?"

"काय सांगू? माझ्या सोनलच्या बाबांनी माझ्यासाठी सजा मागितलीय म्हणून?"

शब्द चुकला, असं म्हणून सुटता आलं असतं. पण शब्द चुकला नव्हता, मला तेच म्हणायचं होतं. इतकी लाज मला मिल बंद होऊन घरी बसलो तेव्हाही वाटली नव्हती.

"बाई, राग आला होता मला," मी म्हणालो. "पोरीचं वर्ष जातंय असं वाटलं. तुमच्यावर काढायला नको होता."

बाईंनी विचारलं, "भूमिती उघडली का तिने?"

"उघडते आणि मिटते."

त्यांनी मागे वळून मांडवाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "संध्याकाळी तिला माझ्या घरी पाठवता का? गुपचूप. तासभर."

ह्याच एका तासासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता. पण मला मिलमधला, आमच्या खात्यातला तुकोजी आठवला. मोठ्या संपात तो मागच्या गेटने कामावर गेला होता. त्याच्या घरी आजारपण होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी पुढे कित्येक वर्षं कोणी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला नाही. मीही नाही.

"नको, बाई," मी म्हणालो. "कोणाला कळलं तर ह्या सतरंजीवर तुम्हाला कोणी बसू देणार नाही. मला माहितीय ते."

एवढं बोललो आणि घराची वाट धरली.

घरी येऊन सगळं सांगितलं. सोनलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई स्वतः बोलवत होत्या आणि तुम्ही नको म्हणाले?"

"हो."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने भूमितीचं पुस्तक आणलं, वर्तुळाचा धडा उघडून ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग तुम्ही शिकवा."

मी चष्मा चढवला. पानावर एक गोल होता, त्यात दोनतीन रेघा ओढलेल्या होत्या. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि थांबलो.

"वाचता तर मला पण येतं, बाबा."

"हो," मी म्हणालो, आणि दुसरी ओळ वाचायला घेतली.