मुलाखतीची तालीम

"आत येऊ का, सर?"

"या. बसा."

स्नेहल पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसली. टेबलापलीकडे तिचा नवरा जिनेश मगदूम दिल्लीच्या मुलाखत मंडळाचा अध्यक्ष होऊन बसला होता. कोल्हापुरात राजारामपुरीतली त्याची अभ्यासिका रविवारी दुपारी बंद असे, म्हणून तालमीला हीच वेळ. एरवी इथल्या बायकांसारखं 'मी जातो, मी आलो' म्हणणारी स्नेहल या खुर्चीत बसली की नीट 'मी जाते, मी आले' वर येई. जिनेशला तेही खुपायचं.

"तुम्ही कोल्हापूरच्या. इथल्या गुळाचं एवढं नाव, मग गुऱ्हाळं बंद का पडतायत?"

तिनं सांगितलं. मजूर मिळत नाहीत, कारखाना ऊस ओढून नेतो, साखर मिसळलेला गूळ बाजार बिघडवतो. आणि काय करता येईल तेही दोन वाक्यांत. उत्तर चांगलं होतं. जिनेशनं मुद्दाम आडवा प्रश्न टाकला.

"दुधाच्या भुकटीच्या निर्यातीवर सरकार किती अनुदान देतं?"

"माहीत नाही, सर."

ना चाचरणं, ना ओशाळणं. भाजीवाल्याला 'सुट्टे नाहीत' म्हणावं तसं ती सांगून मोकळी झाली.  नेमकं हेच जिनेशला दिल्लीच्या त्या खुर्चीत कधी जमलं नव्हतं.

केंद्राची ही नागरी सेवा परीक्षा मोठी कजाग. पूर्वपरीक्षेत लाखो पोरं चाळून निघतात, तिथं चुकलेल्या उत्तराचे गुण कापून घेतात. त्यातून उरलेल्यांनी मुख्य परीक्षेत बोटं वळेपर्यंत लिहायचं. तिथूनही जे तगतात त्यांना दिल्लीत अर्ध्या तासाची मुलाखत. त्या अर्ध्या तासात घसरलात आणि नाव यादीत आलं नाही, तर आधीचं सगळं पाण्यात. पुढच्या वर्षी पुन्हा पूर्वपरीक्षेपासून सुरुवात. जिनेश दोनदा त्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. मग संधी संपल्या, वयही संपलं आणि त्यानं चुलत्याच्या गाळ्यात अभ्यासिका काढली.

त्याच्या टाचणांच्या कागदांवर स्नेहल आधी मेथी निवडायची. निवडता निवडता वाचायला लागली. कुणाला काही कळायच्या आत पूर्व निघाली, मुख्य निघाली आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. वयाच्या हिशेबानं तिची ही शेवटून दुसरी संधी होती.

जिनेश जळत होता. याला दुसरा शब्द नाही. सकाळी दूध घालायला येणारा कृष्णात आता "सर, चहा झाला का?" न विचारता "वैनी दिल्लीला कवा?" असं विचारायचा. अभ्यासिकेतली पोरं त्याला सोडून तिच्याकडे शंका घेऊन जायची. आणि सख्खी आई, त्रिशलाबाई! तो परीक्षेला बसायचा तेव्हा ती बस्तीत जाऊन तीर्थंकरांच्या पाया पडून यायची, पण तुपाची वाटी सुनेच्या ताटात जशी वाकडी होत होती तशी लेकाच्या ताटात कधी झाली नव्हती.

"झालं?" स्नेहलनं विचारलं. "कसं काय वाटलं?"

जिनेशनं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या मुलाखतीत मंडळातल्या एका बाईंनी त्याला एका धरणाबद्दल विचारलं होतं. ठाऊक नव्हतं, त्यानं थाप मारली. बाईंनी त्याच थापेवर पुढचा प्रश्न विचारला, मग त्यावर तिसरा. तो आत आत रुतत गेला आणि शेवटी बाई नुसत्या हसल्या. घरी येऊन 'बोर्ड खडूस होतं' एवढंच त्यानं सांगितलं होतं. खरं काय ते त्याचं त्याला माहीत.

"बाकी ठीक हाय," तो म्हणाला. "पण ते 'माहीत नाही' बंद कर."

"का?"

"अगं, उद्या जिल्हा सांभाळायचा हाय. तिथं काय 'माहीत नाही' म्हणून बसणार हायस? बोर्डाला अंदाज घेणारा माणूस लागतो. येत नसलं तरी ठोकून द्यायचं. बिनधास्त. मी दोनदा जाऊन आलोय की, ऐक माझं."

स्नेहलनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

तेवढ्यात घरून आईचा फोन आला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती. घरी आईनं सुनेच्या ताटात पुन्हा तूप वाढलं, आणि आज जिनेशला ते तितकंसं लागलं नाही. त्याचीच त्याला लाज वाटली, पण थोडी.

दिल्लीला जाणारी निजामुद्दीनची गाडी स्टेशनात लागली तेव्हा ही लाज चांगलीच वाढली होती. आईनं दशम्या, शेंगांची चटणी असं दोन दिवसांचं बांधून दिलं होतं आणि 'अंधार पडायच्या आत खा' असं तीनदा बजावलं होतं. स्नेहल खिडकीशी बसली होती. आता सांगावं, जिनेशला वाटलं. खोटं सांगितलं म्हणावं. एका वाक्याचं तर काम.

"काय वो?" तिनं विचारलं.

"गरम पाणी पीत जा. तिथलं पाणी बाधतं," तो म्हणाला. गाडी सुटली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मात्र त्याला राहवेना. अभ्यासिका एका पोरावर सोपवून तो गच्चीवर गेला आणि त्यानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी तो उन्हात उभा राहून लावतच राहिला. जी खुर्ची आपल्याला मिळाली नाही तिच्यावरून आपण आपल्याच बायकोला ढकलून दिलं, हे त्याला तिथं लख्ख कळलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "झाली बरी," एवढंच ती म्हणाली. विचारायचं धाडस त्याला झालं नाही, ना त्या दिवशी, ना निकाल लागेपर्यंत. तोवर तिला काही हवं-नको विचारत तो घरभर हिंडायचा. आईला वाटलं, लेकाला आता कुठं अक्कल आली.

निकालाच्या यादीत स्नेहलचं नाव होतं.

मग काय विचारता! हलगी कडाडली, गुलाल उधळला, चौकात तिचा हा भला मोठा फलक लागला. नातेवाइकांनी जयसिंगपुरात सत्कार ठेवला. तिला फेटा बांधला तसा जिनेशलाही बांधला, आणि नवराबायकोला शेजारी बसवलं. टाळ्या पडल्या की फेट्याखाली त्याचं कपाळ दुखायचं. अजूनही जळत होतं, खोटं कशाला सांगा. पण त्यात आता भीती मिसळली होती: आपला सल्ला खोटा होता हे तिला कळलं असेल तर?

एका पोरीनं उठून विचारलं, "मॅडम, मुलाखतीची तयारी कुणी करून घेतली?"

"यांनी," स्नेहल म्हणाली.

"सरांनी काय शिकवलं?"

स्नेहलनं माईक जवळ घेतला. "आत मला चार प्रश्न आले नाहीत. चारही वेळा मी माहीत नाही म्हणून सांगितलं. ते कसं सांगायचं, हे मी यांच्याकडून शिकले."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वळून वळून जिनेशकडे बघत होते. मागून कुणीतरी "सर, उभं ऱ्हावा की!" असं ओरडलं आणि तो उभा राहिला. ज्या टाळ्यांसाठी त्यानं उमेदीची वर्षं घातली त्या आता त्याच्या एकट्यासाठी वाजत होत्या, आणि खाली बसावं तर पाय वाकत नव्हते.

परतताना गाडीत आई पुढं बसली, ही दोघं मागं. उसाच्या फडांवर ऊन उतरत होतं. आईला डुलकी लागल्यावर जिनेश हळूच म्हणाला, "तुला ठाऊक हुतं?"

"तुम्ही त्या वर्षी दिल्लीवरनं तापानं फणफणून आलता. दोन दिवस त्या बाईंचे प्रश्न आणि 'थाप मारायला नको हुती' हेच बडबडत हुता. मीच उशाला बसलेलो."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"भांडून गेलो असतो, तर तिथं डोक्यात तेच फिरलं असतं."

"आणि आज? एवढ्या लोकांत..."

"त्या पोरीनं इचारलं, सरांनी काय शिकवलं. खरं तेच सांगितलं." तिनं फेटा कपाळावरून जरा वर सारला.  मग म्हणाली, "दिल्लीला जाताना गाडीत एकच इचार करत गेलो. मी दोनदा पडलो असतो, तुम्ही मुलाखतीला निघाला असता, आणि तुम्ही मला इचारलं असतं, तर मी तरी तुम्हाला खरं सांगितलं असतं का?"

"मग?"

स्नेहलनं मान हलवली. "न्हाई कळलं वो. अजून न्हाई."

एवढं बोलून तिनं डोळे मिटले. गाडी खड्ड्यातून गेली तसं तिचं डोकं फेट्यासकट त्याच्या खांद्यावर आलं. जिनेशनं खांदा जराही न हलवता पुढच्या आरशात फेटा बांधलेलं आपलं तोंड पाहिलं, आणि मग मान खाली घातली.