डावीकडचा श्वास

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पण मित्रांनो, डॉक्टरांच्या गळ्यात मिरवतो ना, तो मी नव्हे. मी म्हणजे एक जाड पोलादी चकती, तिला जोडलेली लांब नळी आणि नळीच्या टोकाला एकाच कानात बसणारं बोंड. लेथवर मला घडवणारा कारागीर आपल्या सोबत्याला म्हणाला होता, "बाळाच्या छातीवर बसायचंय याला. जड हवा, पण टोचता कामा नये." त्याने माझी कड स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली आणि पुन्हा घासली.

तिथून मी मुलांच्या हॉस्पिटलात, भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे आलो. ऑपरेशन चालू असेपर्यंत मी बाळाच्या छातीवर डाव्या बाजूला चिकटून बसायचो. त्याचे ठोके आणि त्याचा श्वास डॉक्टरांच्या कानात पोचवायचो. कितीतरी वर्षं माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.

मग पडदे आले. रंगीत रेघा, भराभर बदलणारे आकडे, धोक्याची घंटा. मी खणात गेलो. तिथे शाई संपलेली पेनं आणि सुकलेल्या चिकटपट्ट्या माझ्या शेजारी होत्या. कुणीतरी माझी नळी करकचून गुंडाळली होती. तिला चीर गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते मोठ्या मॅडमनी. डॉक्टर झाल्यावरही हॉस्पिटलात राहून भूल द्यायचं शास्त्र शिकणाऱ्या रेसिडेंट मुलामुलींना त्या शिकवायच्या. त्यांनी मला नवी नळी बसवली आणि वर्गात उंच धरून म्हणाल्या, "याला एकच बोंड का? तर दुसरा कान ऑपरेशनच्या खोलीसाठी मोकळा हवा. या कानाने ऐकायचं. पण त्या कानाने सोडून द्यायचं नाही!"

मुलं हसली. त्यांत एक बारीक आवाजाची मुलगी होती. सिस्टर तिला लाडाने 'चिमणी' म्हणत. अभ्यासात हुशार, हात हलका. पण बोलली तर शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. मॅडम तिला एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, भूल दिलेलं बाळ स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या वतीने तुलाच बोलायचं असतं."

एके दिवशी सकाळी पाच महिन्यांचं बाळ आलं. जन्मापासून त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. चिमणीने त्याला भूल दिली, श्वासाची नळी घातली, दोन्ही बाजूंचा श्वास तपासला आणि मला त्याच्या छातीवर चिकटवलं. मॅडम तिच्या मागेच उभ्या होत्या. डोळ्यांच्या सर्जन सरांनी बाळाच्या डोक्याखालची उशी बदलली. हनुवटी किंचित छातीकडे झुकली.

आणि माझ्याखालचा श्वास विरत गेला. ठोके तसेच, पण श्वास नाही!

घशातली नळी जेमतेम नखाएवढी आत सरकून श्वासनलिकेच्या उजव्या फाट्यात शिरली होती. आता हवा उजव्याच फुप्फुसात जात होती. पडद्यावरचे आकडे मात्र अजून चांगलेच होते. सर बाळाचा चेहरा झाकायला निघाले. एकदा तो झाकला आणि डोळ्याचं ऑपरेशन सुरू झालं, की नळीला हात लावणं महाकठीण.

"सर... जरा थांबता?" चिमणी पुटपुटली. कुणाला ऐकूच आलं नाही.

तिने बोंड कानात आणखी घट्ट दाबलं. माझ्या नळीतून मला ते कळलं. सरांनी कापड उचललं.

"सर, थांबा!" ती जोरात म्हणाली. सिस्टरच्या हातातला ट्रे खडखडला. "डावीकडचा श्वास गेलाय. चेहरा झाकू नका!"

"पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय," सर म्हणाले. पण त्यांनी कापड खाली ठेवलं.

"नळी किती मागे घेशील?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"थोडीशीच. ऐकत ऐकत."

तिने चिकटपट्टी सोडवली आणि नळी अलगद मागे घेतली. एक क्षण, दोन क्षण... आणि माझ्याखालची इवलीशी छाती हवेने भरली. भरलेला, मोकळा श्वास! तिने नळी पुन्हा पक्की चिकटवली, मान डोलावली आणि मगच सरांनी काम सुरू केलं.

तासाभराने बाळ जागं झालं आणि असं काही रडलं, की बाहेर बसलेली त्याची आई उठून उभीच राहिली. सर हातमोजे काढत म्हणाले, "चिमणीबाई, आवाज आहे की तुम्हाला! आता तो असाच राहू द्या."

मॅडमनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "घाबरली होतीस?"

"फार, मॅडम."

"बाळाची छाती एकाच बाजूने हलताना मीही पाहिली होती गं, तू गप्प राहिली असतीस तर मी बोलले असते. पण तू घाबरूनही बोललीस. बाकी सगळं मी शिकवू शकते, हे नाही."

मित्रांनो, आता मी खणात नसतो. भिंतीवरच्या खिळ्याला लटकतो आणि रोज कुणा ना कुणाच्या कानात असतो. मी सुखात आहे. मागणं एवढंच: काम झालं की मला पुसा आणि माझी नळी गुंडाळू नका. आणि तुमच्या आसपास कुणी हळू आवाजात 'थांबा' म्हणालं, तर त्याला दुसऱ्यांदा ओरडायला लावू नका.