सायकलच्या शर्यतीची महागडी तबकडी

मित्रांनो, माझे झाकण उचलले की बिजागरी कुरकुरते, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्हाला येईल. मी एका शिंप्याच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखे यंत्र फक्त चित्रात पाहिले असेल, म्हणून आधी थोडे सांगतो. माझ्या पोटात एक मोटर आहे. ती रबरी पट्ट्याने वरची गोल थाळी फिरवते. थाळीवर काळी तबकडी ठेवतात आणि तिच्या बारीक रेघेत माझी सुई उतरवतात. रेघेत जे कोरलेले असेल तेच मी वाजवतो. पदरचे काही घालत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडले. शेवटच्या बाईने माझी थाळी फिरवून पाहिली, कान लावला आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्यानंतर दोन वर्षे मी एका दुकानाच्या काचेमागे उभा होतो. लोक समोर थांबत, काचेत बघून केस नीट करत आणि पुढे जात.

मग एके दिवशी शिंपी आणि त्याची बायको दुकानात आली. लग्नाला महिनाच झाला होता. तिला मी हवा होतो आणि त्याला त्याच पैशांत काजे करायचे मशीन हवे होते. दोघे मला घेऊन बाहेर पडले. त्या घरात कोणाचे चालणार हे मला तेव्हाच कळले.

त्यांची पुढची खोली हीच शिवणाची खोली होती. खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याच्या मागे भिंतीला लागून मी. गिऱ्हाइके त्यांना मास्तर म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू, म्हणून मीही तसेच म्हणतो. काकूंचा एक कडक नियम होता. मास्तरांची बोटे दिवसभर कापडावर आखायच्या खडूने भरलेली असत. खडूची भुकटी रेघेत गेली की तबकडी खरखरू लागते. म्हणून मास्तरांनी मला हात लावायचा नाही. ऐकायचे त्यांनी, वाजवायचे काकूंनी. मास्तरांनी हा नियम अडतीस वर्षे पाळला. सुईवर पोट भरणारा माणूस माझ्या सुईपासून मात्र चार हात लांब राहिला. काकू तबकडी लावत आणि मास्तर माझ्याकडे पाठ करून पायाने मशीन चालवत ऐकत.

काकूंचा आवडता कलावंत क्लॅरिनेट वाजवायचा आणि चित्रपटांना संगीतही द्यायचा. त्याचे चाहते त्याला दादा म्हणत. काकूंकडे दादांच्या अकरा तबकड्या होत्या. मास्तर चिडवायचे, "एवढा घरचाच आहे ना तो, मग येऊन इस्त्री तरी कर म्हणावं." काकू म्हणायच्या, "आला तर तुमच्यापेक्षा बरी करील."

पुढे गाणी फोनमध्ये आली. लेक मोठी होऊन नोकरीला लागली. ती कानात बोंडे घालून ऐकायची. तरी काकूंनी मला सोडले नाही. एक दिवस त्यांना बातमी कळली की नऊ वर्षांनंतर दादा पुन्हा चित्रपटाला संगीत देणार आहेत. चित्रपट सायकलच्या शर्यतीवर होता आणि त्याचे संगीत तबकडीवरही येणार होते. काकू त्याच दिवशी तबकड्यांच्या दुकानात गेल्या आणि दुकानवाल्या ताईंच्या यादीत पहिले नाव लावून आल्या.

तबकडी येण्याआधी चार महिने काकू गेल्या.

त्यानंतर माझे झाकण कोणी उचलले नाही. आधी झाकणावर एक घडी घातलेली पॅन्ट आली, मग अस्तराचे तागे आले, मग बटणांचे डबे. मास्तरांनी मुद्दाम केले नाही. त्यांना रिकामी जागा दिसली, एवढेच. ते काम करत होते, पण दोनदा एकाच कोटाला दोन्ही डाव्याच बाह्या लावल्या गेल्या. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते.

मग ताईंचा निरोप आला की तबकडी आली आहे. लेकीने फोनवर किंमत पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने चाहत्यांचे म्हणणेही वाचून दाखवले. एकाने लिहिले होते की एवढ्या पैशांत दादा स्वतः घरी येऊन वाजवतील का. दुसऱ्याने विचारले होते की तबकडी प्लास्टिकची आहे की चांदीची. पण संगीताबद्दल बहुतेकांचे एकमत होते. दादांनी इतके आनंदी काही कधीच केले नव्हते म्हणे. ऐकताना लोक घरात नाचले होते.

"बाबा, घ्यायलाच हवी का? आई असती तर गोष्ट वेगळी," लेक म्हणाली.

मास्तर चपला घालून बाहेर पडले. बटणांच्या डझनामागे घासाघीस करणारा हा माणूस तीन पॅन्टींची शिलाई ताईंच्या हातावर ठेवून तबकडी घरी घेऊन आला. त्यांनी माझ्यावरचे सामान उतरवले. तीन वेळा साबणाने हात धुतले, नखांतला खडू टाचणीने काढला. मग श्वास रोखून पहिल्यांदा माझी सुई उतरवली.

आता इथे काय चुकले ते सांगतो. माझ्या कडेला एक खटका आहे. तो एकीकडे केला की थाळी मिनिटाला तेहेतीस फेरे घेते, दुसरीकडे केला की पंचेचाळीस. काकूंच्या मोठ्या तबकड्या सगळ्या तेहेतीसच्या होत्या, म्हणून खटका तिथेच होता. ही नवी तबकडी मोठी असूनही पंचेचाळीसची होती. खटका कशासाठी असतो हे मास्तरांना ठाऊकच नव्हते. ते तर कायम पाठ करून बसलेले.

त्यामुळे शर्यत रांगत निघाली. क्लॅरिनेट कण्हू लागले. सायकलींच्या घंटा लांब कुठेतरी भांडी पडावीत तशा वाजल्या. मला सगळे कळत होते, पण मला बोलता येत नाही.

मास्तरांनी ती बाजू तीनदा ऐकली. मग सुई उचलून त्यांनी माझे झाकण मिटले. संध्याकाळी लेकीला म्हणाले, "सगळ्यांना हसू ऐकू येतंय, मला रडणं. यंत्र धडधाकट आहे, तबकडी नवी आहे. म्हणजे बिघाड माझ्यात आहे. आता हे घरात ठेवून काय करू?" लेक म्हणाली, थोडे दिवस थांबा. पण मास्तरांनी दुसऱ्या सकाळीच मला चादरीत गुंडाळले, काकूंच्या सगळ्या तबकड्या पिशवीत भरल्या आणि आम्हाला ताईंच्या दुकानात विकायला नेले. अडतीस वर्षांत मी पहिल्यांदा रस्ता पाहिला, तोही चादरीच्या भोकातून.

दुकानात दोन चाहत्यांची जुंपली होती. एक होता पोस्टातला कारकून. दादांच्या प्रत्येक तबकडीची तारीख पाठ असल्यामुळे सगळे त्याला ज्ञानकोश म्हणत. दुसरी रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स होती. ज्ञानकोशाचे म्हणणे होते की दादांनी चाहत्यांना लुबाडले. संगीताच्या आठ तुकड्यांना एका पाकिटात दोन तबकड्या, म्हणजे एका बाजूवर दोनच तुकडे. बाकीच्या जागेत काय भाडेकरू ठेवायचे आहेत? नर्सने तबकडी घेतली नव्हती. ती फोनवर ऐकायची. ती म्हणाली की महाग आहे हे खरे, पण वॉर्डातून दमून निघाले तरी यावर पाय आपोआप हलतात, म्हणून तीही पैसे जमवते आहे.

"हे सगळं विकायचंय," म्हणत मास्तरांनी मला काउंटरवर ठेवले. "पाय हलतात?" ते म्हणाले. "मला तर त्यात मयत ऐकू आली, पोरी."

 ताईंनी विचारले की असे कसे होईल. मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी माझी वायर भिंतीत खुपसली, तबकडी लावली आणि सुई उतरवली. क्लॅरिनेट पुन्हा कण्हले. नर्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्ञानकोश मात्र जमिनीकडे बघू लागला. ताई माझ्या बाजूला वाकल्या, खटक्यावरचा आकडा वाचला आणि एका बोटाने खटका पलीकडे सारला.

माझी थाळी धावू लागली. क्लॅरिनेट उसळले. घंटा घंटांसारख्या वाजल्या, मागून ढोलकी वाजवणारा जणू सायकलला धक्का देत पळत होता. नर्स हसली आणि तिचे पाय खरोखर हलले. ताईंनी समजावले की थाळी जलद फिरली की आवाज अधिक स्वच्छ येतो, पण एका बाजूवर तुकडे कमी मावतात. दोन तबकड्या आणि ती किंमत, दोन्हींचे कारण हेच.

"तरी जास्तच आहे," ज्ञानकोश पुटपुटला. मग थोडा थांबून म्हणाला, "मास्तर, मीपण पहिल्या दिवशी तेहेतीसवरच ऐकली. वर सगळ्यांना लिहून कळवलं, दादांचा सूर आता खोल झालाय म्हणून."

"ते तुम्ही लिहिलं होतंत?" नर्स म्हणाली. "आम्ही दोन दिवस त्यावर भांडतोय."

मास्तर या सगळ्यात हसत नव्हते. त्यांनी काउंटरची कड धरली होती आणि ते बाजू संपेपर्यंत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं, ती गेली तसं माझ्यातलं हेही गेलं. आहे की अजून."

 ताईंनी मान खाली घालून तबकडी पाकिटात सरकवली. मग त्यांनी हळूच विचारले, की हे यंत्र आणि पिशवी विकायची म्हणत होता ना?

"विकायला कोण आणतंय? तपासायला आणलं होतं," मास्तर म्हणाले आणि मला चादरीत बांधू लागले.

मित्रांनो, माझे आता वय झाले आहे. पट्टा सैल पडतो, सुई झिजते. तरी नीट हाताळले तर मी अजून बरीच वर्षे चालेन. म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. घरातले जुने यंत्र रडके वाजू लागले की लगेच भंगारात घालू नका. आधी त्याची बटणे बघा, जाणत्याला विचारा. आणि घरातले एखादे माणूस गप्प झाले, कशातच त्याचे मन लागेनासे झाले, तर आता ते असेच राहणार असे धरून चालू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय ऐकू येते आहे ते तुम्हीही ऐका. मास्तर लेकीला सगळे बोलले होते, पण तिने कामाच्या घाईत थोडे दिवस थांबा म्हटले, जवळ बसून ती बाजू ऐकली नाही. तिने ऐकली असती तर तिला तिथेच कळले असते. यात तिचा दोष मोठा नाही. खटका शोधायला एक बोट पुरते, पण त्याआधी कोणीतरी वाकून बघावे लागते.