शंभरात पंचावन्न, उभ्या उभ्या

जेद्दातली क्रिकेटची मैदानं आधीच मल्याळी आणि पाकिस्तान्यांनी धरून ठेवल्यामुळे आम्ही कोकणी बेसबॉल खेळतो. शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजनंतर. त्या शुक्रवारी फायनल होती आणि ती बघता बघता अब्बा माझ्या बहिणीचं, हाजराचं, लग्न ठरवत होते.

मुआज की राहील, एवढाच प्रश्न होता. दोघं आमच्याच संघातले. हाजराला मुआज हवा होता. अब्बांना राहील, कारण राहील मारतो. मुआजच्या बॅटला अख्ख्या सीझनमध्ये बॉल लागला नव्हता.

"शंभरात पंचावन्न वेळा तो बेसवर पोचतो," हाजरा म्हणाली. "राहील चाळीस. लीगमध्ये पहिला आहे मुआज, अब्बा."

"राहील मारून पोचतो गो. हा उभा राहून."

हे खरं होतं. पिचरने चार बॉल बाहेर टाकले की पहिला बेस फुकट मिळतो. मुआज बॅट खांद्यावर टाकून बसची वाट बघितल्यासारखा उभा राहतो, चार वाईट बॉल सोडतो आणि चालत बेसवर जातो.

"बलद बाजारातल्या दुकानात येतात माझ्याकडे असली गिऱ्हाइकं," अब्बा म्हणाले. "हजला नेसायचे सगळे इहराम उलगडतात, चहा पितात, जातात."

"फाटका इहराम तरी घेऊन जात नाहीत."

अब्बांनी मैदानाकडे बोट दाखवलं. "आज एक मारला तर होकार. नाही तर सोमवारी राहीलच्या घरचे येतायत. खलास."

"मुआजला सांगू?" मी विचारलं.

"उमैर, तुझा इथे राहायचा इकामा माझ्या नावावर आहे."

मी नाही सांगितलं.

शेवटचा डाव. समोर हॉस्पिटलातले फिलिपिनो नर्स, एका रनने पुढे. आमचे तिन्ही बेस भरलेले, आणखी एक आऊट झाला की खेळ संपला. बॅटिंगला मुआज. त्याच्यानंतर राहील.

तीन बॉल बाहेर गेले. दोन आत आले, तेही मुआजने सभ्यपणे सोडले. आता एक बाहेर गेला तर सगळे पुढे सरकून बरोबरी. एक आत आला, किंवा मारायला जाऊन चुकला, तर आऊट.

हाजराने माझं मनगट धरलं. बाहेरचा बॉल सोडला तर संघ वाचत होता आणि तिच्या घरी राहील येत होता. तिची नखं माझ्या हातात रुतली.

"सोड बॉल," ती पुटपुटली.

"यल्ला, मार रे!" अब्बा ओरडले.

बॉल इतका वरून आला की मुआजला उडी मारावी लागली. त्याने मारली. बॅट हवेत फिरली, मुआज फिरला, बॉल कॅचरनेही उडी मारून धरला. आऊट. फिलिपिनो नाचायला लागले.

मुआज आमच्याकडे आला. "तुमचा आवाज ऐकला, चाचा."

"लागला नाही, पण माझं ऐकून मारायला गेला," अब्बा गहिवरून म्हणाले. "माझा होकार आहे."

हाजरा मुआजकडे बघत होती. "बॉल कुठून जात होता?"

मुआजने हात वर केला. मग टाचा उचलल्या.

"दिसत होता?"

"दिसत होता."

"आणि अब्बा ओरडले म्हणून मारलास."

मुआजने टाचा खाली टेकवल्या.

"राहीलच्या घरच्यांना नको म्हणा, अब्बा. ह्याच्याही घरच्यांना इतक्यात काही सांगू नका," हाजरा ओढणी सारखी करत म्हणाली. "मी अजून एक सीझन बघते."

मगरिबची अजान सुरू झाली. अब्बांनी फोन काढला आणि राहीलच्या बापाला आता नेमकं कारण काय सांगायचं, ते मला विचारलं.